अल्पसंख्याक आहात आणि गावात धंदा काढायचाय? मग कोल्हापुरात कुठल्या ऑफिसला आधी जायचं ते बघा

महिन्यातनं दोन-तीन फोन तरी येतातच, "भावा, ते अल्पसंख्याकांचं कर्जाचं केंद्र कुठं आहे रे कोल्हापुरात?" आणि मी दरवेळी तेच सांगतो की बाबा, असं एकच केंद्र, दारावर बोर्ड, आत गेलं की सगळं काम फत्ते, असं काय नाही. मदत आहे, चांगली आहे, पण ती चार-पाच ऑफिसात वाटून ठेवलीय आणि आधी कुठं जायचं आणि नंतर कुठं हे चुकलं की सहा महिने नुसते एसटीचे हेलपाटे. माझं स्वतःचं चुकलंय म्हणून सांगतो. आता एकदाच लिहून ठेवतो म्हणजे फोन आला की हेच पुढं ढकलायचं.

आधी आपण यादीत आहे का ते बघा. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन असे सहा समाज आहेत, त्यात जैन २०१४ मध्ये आले. हे शेवटचं आपल्या जिल्ह्यात लय महत्त्वाचं, कारण शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात जैन शेतकरी घरं गावोगाव आहेत आणि कित्येकांना अजून वाटतं की अल्पसंख्याक म्हणजे फक्त मुसलमान. माझा एक जैन दोस्त आहे, त्याला मी हे सांगितलं तर म्हणाला "आम्ही कसले अल्पसंख्याक, गावात निम्मी आळी आमचीच." गावात किती आहे याला अर्थ नाही रे बाबा, यादी देशाची आहे. पण त्याची गंमत पुढं झाली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याचं "हिंदू-जैन" लिहिलेलं, म्हणजे जुन्या मास्तरांनी जसं सुचलं तसं, आणि खिडकीवर विचारलं की मग तुम्ही नक्की कोण. बरेच ठिकाणी स्वयंघोषणापत्र आणि दाखल्याची झेरॉक्स यावर भागतं, पण दाखल्यावर असा घोळ असेल तर तो अर्ज भरायच्या आधी विचारून घ्या, भरल्यावर नाही.

दुसरी गोष्ट, "ग्रामीण" म्हणजे काय. इथं लय जण फसतात. आमचं गाव हुपरीपासनं हाकेच्या अंतरावर. हुपरी म्हणजे चांदीचं गाव, सगळे अजून गावच म्हणतात, पण तिथं नगरपरिषद होऊन काही वर्षं झाली. शिरोळ, आजरा, चंदगड, हातकणंगले यांचंही तसंच, कुठं नगरपरिषद कुठं नगरपंचायत. आणि पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे नव्या धंद्याला कर्ज-अनुदान देणारी केंद्राची योजना, ज्याला सगळे पीएमईजीपी म्हणतात, त्यात जिथं ग्रामपंचायत तो भाग ग्रामीण, जिथं नगरपालिका तो शहरी. लोक शेतात राबतायत का दुकानात याच्याशी घेणं नाही.

याचा पैशात फरक किती पडतो ते आमच्या भाभीच्या हिशोबावरनं सांगतो, कारण ते मी स्वतः कागदावर मांडलेलं. भाभीला चटणीचं काम काढायचं होतं. आपल्याकडं फेब्रुवारीपासनं मे पर्यंत घरोघरी वर्षाची कांदा-लसूण चटणी करायची गडबड असते, मिरची कांडप मशीनसमोर बायकांची रांग लागलेली असते आणि भाभीच्या हाताची चटणी पै-पाहुणे मागून नेतात. मग म्हटलं कांडप मशीन, मिरची भाजायचा ड्रम, पॅकिंग मशीन आणि थोडं खेळतं भांडवल मिळून ८ लाखाचा प्रोजेक्ट करू. विशेष प्रवर्गाला, म्हणजे ज्यात अल्पसंख्याक येतात, स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे, म्हणजे ४० हजार. बाकी ७ लाख ६० हजार बँक देते. आणि अनुदान गावात ३५ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. हेच दुकान दोन किलोमीटर पलीकडं हुपरीत घातलं असतं तर २५ टक्के, म्हणजे २ लाख. जागा बदलली की ८० हजार गेले. जनरलवाल्याला गावात २५ आणि शहरात १५ टक्के, आणि स्वतःचे १० टक्के घालायला लागतात. म्हणजे धर्मानं मिळतात ते एवढेच दहा टक्के जास्त आणि स्वतःचा हिस्सा निम्मा, बाकी कर्ज हे कर्जच आहे, फेडायचंच आहे. हे आधी डोक्यात घाला, कारण गावात अजून "सरकार मुसलमानांना फुकट पैसे वाटतंय" असं म्हणणारेही आहेत आणि "फुकट मिळणार" म्हणून फॉर्म भरणारेही, दोघंही गंडलेत.

आणि अजून एक, जे मला एका साहेबानं सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. बाई म्हणून अर्ज केला तर ती कुठल्याही धर्माची असो, विशेष प्रवर्गातच धरतात. म्हणजे भाभीला अल्पसंख्याक असल्याचा पुरावा लागणारच नव्हता आणि मी त्याच्यासाठी दोन चकरा मारल्या होत्या. त्या जैन दोस्तानं पण शेवटी बायकोच्या नावानं केलं, पण तिथं धंदा खरंच ती बघते, मशीन चालवते, हिशोब लिहिते. नुसतं नाव बायकोचं आणि गल्ल्यावर नवरा असलं करू नका, बँकवाला दोन प्रश्नात ओळखतो.

आता क्रम. पहिलं ऑफिस म्हणजे तुमची ग्रामपंचायत आणि महा-ई-सेवा केंद्र. आधार, पॅन, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, रहिवासी दाखला, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, ग्रामपंचायतीचं ना-हरकत, पासपोर्ट फोटो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पीएमईजीपीला लागत नाही, त्यात उत्पन्नाची अटच नाही, पण मौलाना आझाद महामंडळाकडं (त्याचं पुढं सांगतो) जाणार असाल तर तो लागतो. नाव सगळीकडं एकसारखं आहे का बघा. आमच्यात हे लय होतं, आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर लग्नाआधीचं नाव. भाभीच्या नावात तर तीन कागदांवर तीन तऱ्हा. ते दुरुस्त करण्यातच महिना गेला, पण तो महिना आधी गेला म्हणून वाचलो, फाईल बँकेत असताना गेला असता तर फाईलच परत आली असती.

इथंच माझी चूक पण सांगतो. कुणीतरी म्हणालं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेव, फुकट आहे, मोबाईलवर होतंय. फुकट आहे हे खरं, आधार-पॅन घातलं की झालं, त्याचे हजार-पाचशे मागणाऱ्याला हात जोडा. पण मी काय केलं, भाभी आधीपासनं घरातनं चटणी विकत होती म्हणून धंदा सुरू झाल्याची तारीख तीन वर्षांपूर्वीची टाकली. आणि पीएमईजीपी असतं फक्त नव्या उद्योगाला! एका ऑफिसात ते सर्टिफिकेट बघून म्हणाले हा तर चालू धंदा आहे, याला कसं देणार. मग समजावत बसा की घरात पाट्यावर वाटून पाच किलो विकणं आणि मशीन बसवून कारखाना काढणं यात फरक आहे. शेवटी सुटलं, पण दीड महिना आणि माझी झोप दोन्ही गेलं. म्हणून नव्या उद्योगासाठी जाणार असाल तर उद्यममध्ये तारीख विचार करून घाला नाहीतर कर्ज झाल्यावर करा.

दुसरं ऑफिस, आणि हे लोक टाळतात कारण इथं पैसे मिळत नाहीत, ते म्हणजे आरसेटी. ग्रामीण पोरापोरींना धंद्याचं ट्रेनिंग द्यायला जिल्ह्याजिल्ह्यात बँका ही संस्था चालवतात, आपल्याकडं बँक ऑफ इंडिया चालवते कारण जिल्ह्याची लीड बँक, म्हणजे अग्रणी बँक, तीच. ट्रेनिंग फुकट, राहणं-जेवण पण फुकट. शिवण, ब्युटी पार्लर, मोबाईल रिपेअरी, शेळीपालन, खाद्यपदार्थ, बॅच बदलत असतात. मी भाभीला आग्रह करून पाठवलं, ती आधी नको म्हणत होती, "मला काय चटणी शिकवणारेत काय ते." चटणी नाही शिकवली, पण किलोला खर्च किती पडतो, वीज-पॅकिंग-मजुरी धरून दर कसा काढायचा हे शिकून आली आणि परत आल्या आल्या तिनं सांगितलं की आपण आजपर्यंत तोट्यात विकत होतो. कारण मिरचीचा दर धरायचा, लसूण-खोबऱ्याचा नाही, आणि स्वतःच्या मजुरीचा तर कधीच नाही. आणि पुढं बँकेत साहेबानं पहिला प्रश्न तोच विचारला, किलोमागं सुटतात किती. तिनं पटकन सांगितलं. माझ्या मते कर्ज त्या मिनिटाला झालं. एमसीईडी म्हणून राज्य सरकारची पण उद्योजकता विकासाची संस्था आहे, त्यांचेही कार्यक्रम असतात, अधनंमधनं चौकशी करत जा.

तिसरं ऑफिस जिल्हा उद्योग केंद्र. लोक नुसतं डीआयसी म्हणतात. खरं मदत केंद्र म्हणायचं तर हेच. पीएमईजीपी आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम म्हणजे सीएमईजीपी, दोन्हीचे अर्ज इथनं बँकेकडं जातात. खादी ग्रामोद्योग मंडळाचं जिल्हा कार्यालय पण पीएमईजीपीचे अर्ज घेतं. अर्ज ऑनलाइनच भरायचा आहे, पण भरायच्या आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन बसा. सकाळी अकराच्या सुमारास जा, सोमवार टाळा, आणि सोबत प्रोजेक्टचा कच्चा कागद न्या, म्हणजे काय बनवणार, कुठं विकणार, मशीन कुठलं, किती माणसं. तोंडी "काहीतरी धंदा करायचाय साहेब" म्हणणाऱ्याला तेही काय सांगणार. आणि या योजनांच्या मुदती वाढत असतात, आकडे बदलत असतात, त्यामुळं अर्ज सध्या चालू आहेत का हा पहिला प्रश्न तिथंच विचारायचा.

अटी थोडक्यात सांगतो. वय १८ पूर्ण. उत्पादनाचा प्रोजेक्ट ५० लाखापर्यंत आणि सेवा उद्योगाचा २० लाखापर्यंत. उत्पादनात १० लाखाच्या वर आणि सेवेत ५ लाखाच्या वर जायचं असेल तर आठवी पास लागतं. आमची भाभी सातवी, म्हणून आम्ही ८ लाखावरच थांबलो. नवरा-बायको मिळून एकालाच मिळतं. आधी दुसऱ्या सरकारी योजनेत अनुदान घेतलं असेल तर नाही. जागा विकत घेण्याचे पैसे प्रोजेक्टमध्ये धरता येत नाहीत. दारू आणि बिडी-तंबाखूचे धंदे बसत नाहीत.

मशीनचं कोटेशन घेताना जीएसटी नंबर असलेल्या दुकानदाराकडनं घ्या, तारीख ताजी पाहिजे आणि प्रोजेक्टमधला आकडा आणि कोटेशनचा आकडा रुपयात जुळला पाहिजे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं कोटेशन आणलं तर एक फायदा, मशीन बिघडलं तर माणूस हाकेवर असतो. दूरच्या गावाहनं दहा हजारानं स्वस्त आणलेलं मशीन ऐन एप्रिलमध्ये बंद पडलं की त्या दहा हजाराची चटणी होते.

मग बँक. सगळ्यात अवघड जागा हीच. डीआयसी फाईल पाठवतं, कर्ज द्यायचं का नाही ते बँक ठरवते, आणि हे न कळल्यामुळं लोक डीआयसीत जाऊन भांडतात. अर्जात दोन बँका लिहिता येतात, पहिली आणि पर्यायी. जिथं तुमचं खातं आधीपासनं आहे, बचत गटाचा व्यवहार आहे, ती पहिली लिहा. आमची फाईल एका शाखेत अडीच महिने पडून होती, दरवेळी "साहेब मीटिंगला गेलेत." कारण लेखी द्या म्हटलं तर देईनात. शेवटी पर्यायी बँकेत फिरवली आणि तिथं तीन आठवड्यात मंजूर झाली, त्याच कागदावर, एक ओळ न बदलता. तुमचंही असं झालं तर गप बसू नका. जिल्ह्याचा अग्रणी बँक व्यवस्थापक असतो, त्याच्याकडं अर्ज क्रमांक घालून लेखी द्या आणि पोच घ्या. ते नाही झालं तर लोकशाही दिन, तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि कलेक्टर ऑफिसला पहिल्या सोमवारी. सरकारी बँक असेल तर दहा रुपयात माहितीचा अधिकार पण आहे, माझी फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस आहे एवढंच विचारायचं. आणि १० लाखापर्यंत तारण मागायचं नाही असा नियम आहे, त्यामुळं "घराचे कागद आणा" म्हटलं तर शांतपणे विचारा कुठल्या नियमानं. शांतपणे बरं का, आवाज चढवला की काम संपलं.

बँकेला पर्याय म्हणून मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे, २००० साली राज्य सरकारनं काढलेलं, नावामुळं फक्त मुस्लिमांचं वाटतं पण सगळ्या अल्पसंख्याकांसाठी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय महामंडळाचा पैसा अशा राज्याच्या महामंडळांतनं येतो. तिथं उत्पन्नाची अट आहे, कुटुंबाचं वर्षाचं ३ लाखाच्या आत असेल तर ६ टक्क्यानं कर्ज, ८ लाखापर्यंत असेल तर पुरुषांना ८ आणि बायकांना ६ टक्के. कारागिरांसाठी विरासत म्हणून वेगळी योजना आहे, १० लाखापर्यंत, उत्पन्न ३ लाखाच्या आत असेल तर पुरुषांना ५ आणि बायकांना ४ टक्के. व्याज कमी, पण अनुदान नाही आणि जामीनदार शोधायला लागतो, आणि निधी आला की पटापट, नाहीतर वाट बघा. ज्याच्याकडं नोकरीवाला जामीनदार पाहुणा आहे त्यानं इथं बघावं, नाहीतर माझं मत पीएमईजीपीच बरं.

आमच्या मुस्लिम समाजातले काही बुजुर्ग विचारतात, व्याजाचं काय, ते तर नको. हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, मी कुणाला शिकवायला जात नाही. एवढंच सांगतो की पीएमईजीपीचं अनुदान कर्जाशिवाय मिळत नाही, त्यामुळं ज्याला कर्जच नको त्यानं आरसेटीचं ट्रेनिंग, पीएम विश्वकर्मामधलं टूलकिट अशा गोष्टी बघाव्यात. विश्वकर्मा १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यात १८ पारंपरिक धंदे आहेत, शिंपी, गवंडी, लोहार, सुतार, न्हावी, कुलूपवाले, चप्पलवाले वगैरे, धर्माचा संबंध नाही. ट्रेनिंगला दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५ हजार, कर्ज घेणं सक्तीचं नाही. घेतलं तर पहिलं १ लाख, मग २ लाख, ५ टक्क्यानं. नोंदणी सीएससी केंद्रात, म्हणजे गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रात, होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडनं, त्यामुळं सरपंचाशी बोलणं चालू पाहिजे.

खायच्या वस्तूंचा धंदा आधीपासनं चालू असेल, म्हणजे पीएमईजीपीत बसत नसेल, तर कृषी खात्याची पीएमएफएमई ही छोट्या खाद्य उद्योगांची योजना बघा. ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, जुन्या धंद्याला पण चालतं. त्यात प्रोजेक्ट करून द्यायला संसाधन व्यक्ती नेमलेली असते, तिचं मानधन सरकार देतं, तुम्ही एक रुपया द्यायचा नाही. बचत गटात असाल तर गटातल्या खाद्यपदार्थ करणाऱ्या बाईला ४० हजाराचं बीज भांडवल पण आहे, त्यासाठी पंचायत समितीत उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, ऑफिसला जायचं.

एजंटांबद्दल एकच सांगतो. "अनुदान पास करून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारा माणूस तुम्हाला डीआयसीच्या बाहेर चहाच्या टपरीवर भेटेल, फार गोड बोलेल. तो करतो काय तर तुम्ही भरणार तोच फॉर्म भरतो आणि प्रोजेक्ट रिपोर्ट दुसऱ्याचा कॉपी मारतो. एकाच्या पिठाच्या गिरणीच्या रिपोर्टमध्ये मधल्या पानावर "दुग्धशाळा" राहून गेलेलं मी डोळ्यानं बघितलंय.

मंजुरीनंतर उद्योजकतेचं छोटं ट्रेनिंग करायला लागतं, ऑनलाइन फुकट होतं, आरसेटीचं सर्टिफिकेट असेल तर बरेचदा तेच चालतं. मशीनचे पैसे बँक थेट दुकानदाराला देते, तुमच्या हातात रोख येत नाही. आणि अनुदान पण लगेच कर्जातनं वजा होत नाही बरं का, ते तुमच्या नावानं तीन वर्षं बँकेतच बाजूला ठेवतात. त्या रकमेवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत पण नाही. म्हणजे भाभीला ७ लाख ६० हजार कर्ज दिसतं पण व्याज ४ लाख ८० हजारावर. तीन वर्षांत धंदा बंद केला किंवा हप्ते थकवले तर अनुदान जाऊ शकतं.

तीन वर्षांनी माणूस पाहणीला येतो. मशीन आहे का, चालू आहे का, वीज बिल, विक्रीची वही, आणि दारावर योजनेच्या नावाचा बोर्ड. आमचा बोर्ड दोन पावसाळ्यात पार पांढरा पडला होता आणि पाहणीचा फोन आला आदल्या दिवशी संध्याकाळी. मग काय, पेंटर मिळेना, शेवटी पुतण्यानं रात्री अकराला बसून लाल ऑइल पेंटनं रंगवला, "कार्यक्रम" मधला "क्र" दोनदा पुसला. सकाळी साहेब आले तेव्हा रंग ओलाच होता, त्यांनी हात लावला, बोटाला लाल लागलं, हसले आणि फोटो काढला. भाभीनं जाताना अर्धा किलो चटणी दिली तर घेतली नाही, म्हणाले विकत द्या, आणि पैसे देऊन गेले.